धुतलेली टरफलं

१

त्या गल्लीत धुकं उतरलं की माणसं आधी ऐकू येत आणि मग दिसत. म्हणून त्या सकाळी चष्मेवाल्या काकूंना आधी नुसता आवाज आला, "अरे देवा, परत?" मग धुक्यातून एकेक गोष्ट वर आली. कचऱ्याची गाडी, गाडीवाल्या ताईंचे रबरी हातमोजे, बेकरीवाल्या आबांचा निळा डबा, आणि त्याच्या झाकणावर ताई अंगठ्यानं दाबून बसवत असलेली लाल चिठ्ठी. आबांची ही तिसरी लाल चिठ्ठी होती.

आता लाल चिठ्ठी म्हणजे काही फाशीची शिक्षा नव्हे. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्यात, बाटल्या-बरण्या क्रेटमध्ये, इतका साधा नियम. हिरवा डबा रोज जायचा. निळा डबा आणि क्रेट आठवड्यातून एकदा फुटपाथच्या कडेला लावून ठेवायचे. त्यात भलतंसलतं काही सापडलं की ताई चिठ्ठी चिकटवणार आणि डबा तसाच सोडून पुढे जाणार. दुरुस्त करून ठेवला तर संध्याकाळच्या फेरीत उचलणार. तोवर दिवसभर तो भरलेला डबा दारासमोर उभा, आणि येणारा-जाणारा वाचून जातो. शाळेत वर्गाबाहेर उभं करायचे ना, त्यातलाच प्रकार.

पण आबांना? ज्या माणसानं अख्ख्या गल्लीला कचरा वेगळा करायला शिकवला, बरणीचं लेबल गरम पाण्यात कसं सुटतं ते दारोदार जाऊन दाखवलं, आणि शिकवणीवाल्या बाईंना "बाई, पोरांना शहाणं करता आणि तेलकट पुठ्ठा कुठं टाकायचा ते कळत नाही होय?" असं चारचौघांत सुनावलं, त्या आबांना तीन-तीन चिठ्ठ्या? काकूंच्या गळी हे काही उतरेना.

"आज काय निघालं?" त्यांनी आपल्या दुकानाच्या पायरीवरून विचारलं.

"चहाचा चोथा. पिळून, कागदाची पुडी करून रद्दीवर ठेवलाय." ताईंनी पुडी वर धरली. तिची टोकं नीट आत दुमडलेली होती. "मागं क्रेटमध्ये पुसलेला बल्ब सापडला होता. त्याआधी अंड्याची टरफलं, धुतलेली, एकात एक बसवलेली. काकू, मला काय हौस आहे का म्हाताऱ्या माणसाची अब्रू काढायची? पण एकाला सोडलं की सगळी गल्ली डोक्यावर बसते."

आबा दारात उभे होते. बेकरी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सकाळी उठून पांढरा एप्रन चढवायची सवय त्यांची सुटली नव्हती. ते चिठ्ठीकडे बघत होते.

तेवढ्यात बसथांब्याकडून त्यांची लेक आली. नदीपलीकडे राहायची. तिच्या सुट्टीचा वार आणि गाडीचा वार एकच, त्यामुळे तिन्ही चिठ्ठ्या तिनं ताज्याताज्या वाचल्या होत्या. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"बाबा, मी रागावत नाही. पण मला भीती वाटते. आज चोथा कुठं टाकायचा ते विसरलात, उद्या गॅस विसराल. मी तिकडे कामात, फोन वाजला की काळजात धस्स होतं." मग ती जरा थांबली आणि एका दमात म्हणाली, "अजून एक चिठ्ठी लागली, तर तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं. कायमचं. हे घर बंद करायचं."

काकूंनी कान टवकारले. यावरचं आबांचं उत्तर गल्लीला तोंडपाठ होतं. बायको गेली तेव्हा लेकीनं पहिल्यांदा विचारलं, तर आबा भर रस्त्यात गरजले होते, "या घरातून मी निघेन तो आडवाच!" पुढं तिनं आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच ऐकलं आणि डोळे पुसत बस पकडली.

आज मात्र आबांनी एप्रनला हात पुसले. "बघू," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

 माणूस गरजायचा थांबला म्हणजे आतून खचला, असं काकूंनी धरलं. तिथंच त्यांचं चुकलं, पण ते कळायला अजून अवकाश होता.

२

काकूंना या प्रकरणात नाक खुपसायचं काय कारण, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी शेजारधर्म वगैरे सांगितलं असतं. खरं कारण चहाचं होतं. रोज सकाळी आबा दोन कप चहा करायचे, ट्रे पसरलेल्या पाच बोटांवर तोलून खांद्याशी धरायचे आणि धुक्यातून रस्ता ओलांडून काकूंच्या दुकानात यायचे. जन्मभर पावांचे ट्रे वाहिलेला हात, थेंब सांडायचा नाही. त्यातला निळ्या काठाचा कप काकूंचा. तो त्यांच्याकडेच राहायचा. धुऊन फळीवर पालथा, सकाळी पुन्हा आबांच्या ट्रेमध्ये. काकूंच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. दिवसातलं पहिलं बोलणं आबांशी, आणि गिऱ्हाईक फिरकलं नाही तर शेवटचंही आबांशीच.

आबा गेले तर सकाळ कशी सुरू करायची, हे त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं.

विचार करायचा असला की काकू डोळे तपासायची लोखंडी चौकट नाकावर चढवत आणि तिच्यात मुद्दाम चुकीचं भिंग बसवत. मग समोरची गल्ली विरघळायची. दिव्याचे खांब लांबट पिवळे व्हायचे, खिडक्या पाण्यात पडल्यासारख्या हलायच्या, आणि आबांचा निळा डबा नुसता निळा डाग होऊन तरंगत राहायचा. असं धूसर बघताना त्यांना बरं वाटे आणि कधीकधी सुचतही असे. त्या दिवशी सुचलं ते असं, की आबांचं डोकं ठिकाणावर आहे. कालच त्यांनी काकूंच्या चष्म्याच्या पेटीचा सैल स्क्रू न सांगता ओळखला होता. मग विसरभोळेपणा नाही. मग कुणीतरी मुद्दाम करतंय.

संध्याकाळच्या फेरीत त्यांनी गाडीवाल्या ताईंना गाठलं.

"ताई, एक सांग. तो बल्ब, ती टरफलं, तुला डब्यात कुठं सापडतात? तळाशी का मध्ये?"

ताईंनी हातमोजा काढून कपाळ पुसलं. "वर. तिन्ही वेळा अगदी वर. झाकण उघडलं की समोर. मला उकरावं लागलं नाही कधी."

"आणि खाली?"

"खाली सोनं. आबांच्या डब्यासारखा डबा नाही हो गावात. पण एक आहे, हल्ली जड लागतो. एकट्या माणसाचा एवढा सुका कचरा निघतो कुठून, हे माझ्याही मनात आलं." क्रेट गाडीत रिकामा करताना त्यांनी एक बरणी उचलून उजेडाकडे धरली. "ही बघा, लख्ख. लोक काय काय घालतात यात. परवा कुणीतरी चिनी मातीची बशी घातली होती. काच आणि चिनी माती दिसायला शेजारी-शेजारी, पण भट्टीत एक तुकडा गेला तर अख्खा माल नासतो. त्याला तर मी डोळे मिटून चिठ्ठी लावते."

काकूंचं लक्ष त्या एका शब्दावर अडकलं होतं. जड. एकट्या माणसाचा डबा जड, म्हणजे त्यात दुसरं कुणीतरी भर घालतंय. कोण, तेवढं शोधायचं राहिलं.

३

पहिला संशय फोटोवाल्यावर. त्याचा स्टुडिओ म्हणजे काडेपेटी. बेकरीला मात्र उत्तरेकडून मोठ्ठी काचेची खिडकी होती आणि तिच्यातून येणारा उजेड पाहून त्याचा जीव तीळतीळ तुटायचा. त्यानं आबांकडे ती जागा कितीदा तरी मागितली होती.

"मागितली होती, आणि पुन्हा मागणार," फोटोवाला म्हणाला. तो पडद्यामागून अर्धाच बाहेर आला होता. "माझ्यावर संशय आहे म्हणा की सरळ."

"आहे," काकू म्हणाल्या. "गाडीच्या दिवशी पहाटे तू आबांच्या डब्याजवळ घुटमळतोस. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि माझे डोळे चांगले आहेत."

"घुटमळतो ना. धुक्याचे फोटो काढतो. रस्त्याच्या कडेला डबे ओळीनं उभे असतात, तेव्हा गल्ली झोपेत हसल्यासारखी दिसते." तो जरा ओशाळला. "रीळ अजून धुतलेलं नाही. धुतो आणि दाखवतो. मी डब्याला हात लावलेला दिसला तर बेकरीचं नाव पुन्हा काढणार नाही."

दुसरा संशय शिकवणीवाल्या बाईंवर. त्यांच्या खोलीत वह्यांचा ढीग होता आणि ढिगाआड बाई. आबांचं ते तेलकट पुठ्ठ्याचं बोलणं त्यांना इतकं झोंबलं होतं की त्या दिवसापासून त्या आबांच्या बाजूच्या फुटपाथनं चालत नसत.

"मी आणि त्यांच्या डब्यात टरफलं?" बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. "कल्पना वाईट नाही, पण मी केलं असतं तर असं बावळटासारखं नसतं केलं."

"बावळटासारखं म्हणजे?"

"तुम्हीच म्हणालात ना, सगळं वर ठेवलेलं होतं? काकू, माझी हयात पोरांच्या कॉप्या पकडण्यात गेली. कॉपी करणारं पोर चिठ्ठी बाहीत घालतं, मोज्यात घालतं, कंपासपेटीच्या बुडाशी घालतं. कॉपी बाकावर उघडी ठेवणारं पोर मी एकदाच पाहिलं." बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "त्याला पकडून घ्यायचं होतं. परीक्षेला बसायचं नव्हतं त्याला, आणि आईला तसं सांगायची छाती नव्हती."

काकू बाहेर आल्या तेव्हा गल्लीत पुन्हा धुकं भरायला लागलं होतं.  वर ठेवणाऱ्याला सापडायचं होतं. पण आबांच्या डब्यात सापडून कुणाचा काय फायदा?

४

दुसऱ्या दिवशी त्या चहाची वाट न बघता स्वतःच आबांकडे गेल्या.

बेकरीचा मागचा भाग म्हणजे आबांचं घर. थंड पडलेली भट्टी, तिच्या तोंडाशी खुर्ची, आणि उत्तरेच्या खिडकीतून येणारा तो दुधट उजेड. काकूंना वाटलं खोली मोठी झालीय. मग लक्षात आलं की भिंत रिकामी आहे. जिथं बिस्किटांचे साचे टांगलेले असायचे तिथं चांदण्या, पानं, मासे असे फिकट आकार उरले होते. फडताळातले डबे नव्हते. पावांच्या छापील पिशव्यांचे गठ्ठेही नव्हते.

"साचे कुठं गेले?"

"गंज चढला होता. धूळ साठते नुसती," आबा म्हणाले. "बसा चष्मेबाई. आलाच आहात तर अंडं-टोस्ट करतो."

"झोप लागते का आबा हल्ली?"

"लागते की. पहाटे जाग येते. पूर्वी यायची ती भट्टीसाठी. आता नुसतीच येते." त्यांनी तवा ठेवला. "नात विचारत होती परवा फोनवर, आजोबा, पीठ मळताना हाताला चिकटू नये म्हणून काय करायचं. फोनवर कसं सांगणार? ते हातानं दाखवायचं काम आहे."

बोलता बोलता त्यांनी तव्याच्या कडेवर टकटक करून अंडी फोडली. डोळे तव्यावर, बोलणं नातीचं, आणि डावा हात आपला आपण काम करत होता. टरफलं नळाखाली धरली, खळबळली, झटकली, एकात एक बसवली आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. टीचभर जागा व्यापली त्यांनी.

"हे काय करता?" काकूंनी विचारलं.

"काय?" आबांनी वळून पाहिलं. "हे होय. बेकरीत दिवसाला एवढी अंडी फुटायची, नुसती टाकली तर डबा घटकेत भरायचा आणि वास मारायचा. हाताला सवय लागली. ती आता माझ्याबरोबरच जाणार."

काकूंच्या हातातला टोस्ट तोंडापर्यंत गेला नाही. टरफलं, धुतलेली, एकात एक बसवलेली. ताई म्हणाल्या होत्या आणि त्यांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. अंड्याची टरफलं धुऊन टाकणारा माणूस गल्लीत एकच होता.

५

दुपारी फोटोवाला आला. त्याच्या हातात अजून ओलसर वासाचा फोटो होता.

"घ्या. पहिल्या चिठ्ठीच्या दिवशीचा आहे. मी डब्यापासून लांब आहे, कारण कॅमेरा माझ्या हातात आहे. पण डब्यापाशी कुणीतरी आहे. कोण, ते मला कळेना, सगळं धुकंच धुकं."

काकूंनी मोठं भिंग घेतलं. फोटोत राखाडी पहाट होती, ओळीनं डबे होते, आणि एका डब्यावर कुणीतरी वाकलं होतं. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसती सावली. एका हातानं ती सावली डब्यात काहीतरी ठेवत होती. दुसऱ्या हातात डब्याचं झाकण होतं. ते तिनं काखेत मारलं नव्हतं, जमिनीवर टेकवलं नव्हतं. पाच बोटं पसरून त्यावर तोलून खांद्याशी धरलं होतं.

"कळलं का कोण?" फोटोवाल्यानं विचारलं.

"नाही," काकू खोटं बोलल्या. "फोटो छान आहे. मला ठेवू दे."

तो गेल्यावर त्यांनी दुकान अर्धं ओढून घेतलं आणि रस्ता ओलांडला. आबा भट्टीसमोरच्या खुर्चीत बसले होते. काकूंनी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि स्टूल ओढून समोर बसल्या.

"आबा, मी सांगते, तुम्ही ऐका. चुकलं तर थांबवा. विसरणाऱ्या माणसाची चूक कुठंही सापडते, तळाशी, मध्ये, कोपऱ्यात. तुमच्या चुका नेहमी वर, झाकण उघडताच ताईंना दिसतील अशा. वैऱ्यानं केलं म्हणावं, तर वैरी कचरा टाकताना धूत बसत नाही. टरफलं धुतलेली, बल्ब पुसलेला, चोथा पिळून पुडीत बांधलेला. चुकीचं टाकायचं तेही तुम्हाला घाण टाकवेना. आणि डबा जड का, तेही सकाळी कळलं. तुम्ही आठवड्या-आठवड्यानं घर रिकामं करताय. साचे, डबे, पिशव्या, सगळं वेगळं करून, बांधून. जो माणूस इथंच राहणार तो भिंती मोकळ्या करत नाही."

आबांनी त्यांना थांबवलं नाही. बराच वेळ ते फोटोतल्या सावलीकडे बघत राहिले. खिडकीतला उजेड सरकत भट्टीच्या तोंडापर्यंत आला.

"तोंडानं म्हणता येईना, चष्मेबाई," ते अखेर म्हणाले. "अख्ख्या गल्लीसमोर म्हणून बसलो, आडवाच निघेन. पोरगी विचारायला आली, तिला रडवून पाठवली. एकदा नाही, पुन्हा-पुन्हा. आता कुठल्या तोंडानं सांगू की इथं एकटं राहवत नाही? ती विचारायचीही थांबली. म्हटलं, आपल्याला वेड लागलंय असं तिला वाटलं तर नेईल तरी."

"वेडं ठरायची तयारी होती तुमची?"

"एकटं राहण्यापेक्षा काय वाईट आहे ते?"

काकूंना भरून आलं. एकटं राहणं म्हणजे काय, हे त्या खुर्चीपासून रस्त्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर त्या रोज जगत होत्या. आबांनीही तेवढ्यात मान वर केली, आणि काकूंचा चेहरा त्यांना दिसला.

"तुम्ही माझ्यासाठी गल्ली पालथी घातलीत," ते हळू आवाजात म्हणाले. "मी जाऊ नये म्हणून. होय ना?"

 काकूंना नाही म्हणता आलं नाही.

"मग राहू द्या. पुढच्या गाडीला काही ठेवत नाही वर. लेक म्हणाली ना, चिठ्ठी लागली तर. नाही लागणार." आबांनी फोटो उलटा करून बाजूला ठेवला. "सकाळी चहा आणतो."

६

गाडीचा दिवस धुकं घेऊनच उजाडला. काकू दिवा न लावता दुकानात उभ्या होत्या. समोर आबांचं दार उघडलं. निळा डबा आला, क्रेट आला, दोन्ही कडेला सरळ रेषेत लागले. एप्रनची पांढरी आकृती क्षणभर थांबली आणि आत गेली. दार लागलं.

काकू रस्ता ओलांडून गेल्या. त्यांनी डब्याचं झाकण उचललं. वर सपाट केलेले पुठ्ठे, सुतळीनं बांधलेले, गाठ मापात. क्रेटमध्ये बाटल्या, लेबलं काढलेली, तोंडं एका दिशेला. वर काही नाही. आबांनी शब्द पाळला होता.

आता नुसतं घरी जायचं. थोड्या वेळानं ट्रे येईल, चहा येईल, आज येईल, उद्या येईल. काकूंना मनापासून वाटलं की जावं. चांगुलपणाचा आव कशाला आणा, त्यांना आबा हवे होते. त्या तिथं धुक्यात उभ्या राहिल्या, बाटल्यांकडे बघत, आणि पहाटे उगीचच जागा होणारा तो माणूस त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. तो त्यांच्यासाठी थांबणार होता, आणि रोज हसून चहा आणणार होता.

त्या दुकानात परत गेल्या. फळीवरचा निळ्या काठाचा कप घेतला. धुतलेलाच होता, तरी पुन्हा धुतला, कोरडा केला. मग येऊन तो क्रेटमध्ये बाटल्यांच्या वर ठेवला, ताईंची नजर पहिल्यांदा पडेल असा.

"अरे देवा, परत?" थोड्या वेळानं धुक्यातून आवाज आला. "चिनी माती!"

खिडक्या उघडल्या. शिकवणीवाल्या बाई गॅलरीत आल्या, फोटोवाला कॅमेरा घेऊन दारात आला. लाल चिठ्ठी क्रेटवर बसली तेवढ्यात लेकही बसथांब्याकडून येऊन ठेपली. आबा बाहेर आले. त्यांनी चिठ्ठी पाहिली, गोंधळले, आणि मग कप पाहिला. त्यांनी तो ओळखला. त्यांनी मान उचलून रस्त्यापलीकडे बघितलं. काकू दुकानात एक स्वच्छ भिंग पुसत होत्या.

आबांनी घसा साफ केला. आणि कित्येक दिवसांनी गल्लीला तो जुना आवाज ऐकू आला.

"एक कप काय चुकून गेला, तर माणसानं राहतं घर सोडायचं? हा कुठला न्याय? मी इथून आडवाच निघणार होतो, सगळ्यांना माहीत आहे! पण हिनं अट घातली. अट म्हणजे अट. बेकरीवाल्याचा शब्द आहे, आता काय बोलणार?" आणि दारामागे हात घालून त्यांनी बॅग बाहेर काढली. ती भरलेली होती आणि तिच्यावर धुळीचा थर बसला होता.

लेक बॅगेकडे बघून हसली आणि हसताना तिचे डोळे भरले. मग ती रस्ता ओलांडून काकूंच्या दुकानात आली.

"काकू, तो कप तुमचा आहे."

"बाबांना काही झालेलं नाही पोरी," काकू घाईनं म्हणाल्या. "त्यांचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे. एवढं लक्षात ठेव, आणि मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस."

"मला पहिल्या चिठ्ठीलाच कळलं होतं. टरफलं तशी बसवायला बाबांनीच शिकवलंय मला. अजून तशीच टाकते."

"मग ती भीती, तो गॅस, ती अट कशाला?"

 "पुन्हा तोंडानं विचारायचा धीर नव्हता काकू. परत नाही म्हणाले असते तर? म्हटलं, त्यांना हो म्हणायला एक निमित्त करून देऊ."

"एकाच भट्टीतले आहात दोघं," काकू म्हणाल्या, आणि त्यांना रडायला आलं.

निघताना आबा दुकानाच्या पायरीशी थांबले. कप त्यांच्या हातात होता.

"चष्मेबाई, हे चुकीच्या डब्यात गेलं होतं."

"धुऊन ठेवलं होतं."

"बघितलं," आबा म्हणाले. त्यांनी कप काकूंच्या तळहातावर ठेवला आणि क्षणभर हात तसाच राहू दिला. "सुट्टीच्या दिवशी या तिकडं. हा घेऊन या. दुसऱ्या कपात तुम्हाला चहा जायचा नाही."

बस गेली. धुकं विरलं आणि गल्ली उन्हात पुन्हा साधी गल्ली झाली. काकूंनी आत जाऊन स्वतःच्या हातानं चहा केला. तो पाणचट झाला, तरी त्यांनी पूर्ण प्यायला. मग कप धुतला आणि फळीवर पालथा घातला.